उत्तम निचऱ्याची जमीन आणि माझं तळं

३ मार्च, मंगळवार

आज सकाळी सव्वासात वाजता मी माळावर कमरेएवढ्या खड्ड्यात उभा राहून ओल्या मातीची पट्टी काढत होतो. माती तपासणीच्या ऑफिसातून एक मुलगी आली होती, तिने दाखवलं तसं. मूठभर माती घ्यायची, पाणी शिंपडून मळायची आणि अंगठ्याने बोटावरून पुढे पुढे ढकलत न्यायची. न तुटता जितकी लांब पट्टी निघेल तितकी माती चिकण. तिची पट्टी दोन इंच निघाली, माझी अडीच. ती म्हणाली, काका, यात माणसाला नंबर नसतो, मातीला असतो. असेल. तरी अडीच ते अडीच.

जमीन सासूबाईंची. शहराबाहेरच्या चढावर आहे, फाटकाला कुलूप, बरीच वर्षं पडीक. आता तिचं काहीतरी करा, असं त्यांनी आम्हां दोघांना सांगितलं आहे. त्या आमच्याकडेच राहतात. हिच्या मनात लिंबाची बाग आहे. त्यासाठी चाळीस रोपं काळ्या पिशव्यांत वाढवून गॅलरी अडवून ठेवली आहे. कपडे वाळत घालायला मला तिरकं व्हावं लागतं.

माझ्या मनात तळं आहे. घरात मी त्याला मत्स्यव्यवसाय म्हणतो. खरं कारण फक्त इथे लिहितो. पाण्याच्या काठी बसावं, डोळे मिटावेत, देवाचं नाव घ्यावं. घरात डोळे मिटले की कोणीतरी विचारतं, झोप लागली का?

५ मार्च, गुरुवार

रिपोर्ट आला. 'उंचावरची, खोल, लाल-तपकिरी, चिकण माती. निचरा उत्तम.' 'चिकण' या शब्दाखाली लाल पेनाने दोन रेघा मारल्या. मडकं चिकण मातीचं, मडक्यात पाणी राहतं. विषय संपला.

हिने विचारलं, पुढे निचरा उत्तम लिहिलंय ते? मी म्हटलं, ती सरकारी पद्धत असते. दाखल्यावर शेवटी 'वर्तणूक चांगली' लिहितात, तसं. ती म्हणाली, तुमच्या दाखल्यावर लिहिलं होतं का? मी रिपोर्टाची घडी घातली.

नकाशा विभागात सव्वीस वर्षं काढली. जमिनीच्या उंचीच्या रेषांचे नकाशे मी झोपेतही गुंडाळू शकतो. जमिनीबद्दल मला कोणी शिकवावं अशी वेळ आलेली नाही. तरी खात्रीसाठी त्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, काका, ही माती चिकण असली तरी रवाळ आहे. तिचे बारीक बारीक खडे बनलेत आणि त्यांच्या फटींतून पाणी सरळ खाली जातं. खड्ड्याच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत एकच लाल रंग होता ना? पाणी साचत असतं तर करडे डाग दिसले असते. मी म्हटलं, म्हणजे माती बिनडाग आहे. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. रेंज नसावी.

६ मार्च, शुक्रवार

सासूबाईंनी निकाल दिला. नमुन्याचं छोटं तळं खणायचं, एकदाच भरायचं. आठ दिवसांनी गुडघाभर पाणी असलं तर तळं, नाहीतर लिंबं. आणि ज्याचं चुकेल त्याने त्यांच्यासमोर उभं राहून स्वतःच्या तोंडाने 'माझं चुकलं' म्हणायचं. ते म्हणेपर्यंत जमिनीत काही लावायचं नाही.

ही शेवटची अट कशाला, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, जावईबापू, लग्नाला चोवीस वर्षं झाली, हा शब्द तुमच्या तोंडून कसा येतो ते मला एकदा ऐकायचंय.

मी आनंदाने कबूल केलं. हिला तो शब्द म्हणावा लागणार याचं थोडं वाईट वाटतं.

८ मार्च, रविवार

खोदाईच्या मशीनवाल्याने तासाभरात काम उरकलं. दहा बाय दहा, छातीएवढं खोल. भिंती तांबड्या, देखण्या. मशीनवाला म्हणाला, झाड लावायला एवढा मोठा खड्डा? मी नुसता हसलो.

९ मार्च, सोमवार

ऑफिसला जाण्याआधी टँकर रिकामा केला. पाणी गुडघ्याच्या वर चार बोटं. काठीवर खूण केली. देवाला साक्षी ठेवून काठी रोवली. दहा मिनिटं काठावर बसलो. मन इतकं शांत झालं की ऑफिसला उशीर झाला.

आठ दिवस म्हणजे मंगळवार, १७ तारीख.

९ मार्च, सोमवार. संध्याकाळ

दुपारी १. ऑफिसातून जाऊन आलो. पाणी पोटरीपर्यंत. ऊन फार आहे.

संध्याकाळी ६. घोट्यापर्यंत. वाराही फार आहे. शिवाय कावळे पाणी पिताना दिसले. तीन होते.

१० मार्च, मंगळवार

पाणी नाही.

शांतपणे विचार केला. जमीन इतकी वर्षं तहानलेली. पहिलं पाणी तिने प्यायलं यात तिचा काय दोष? उपाशी पाहुण्यापुढे ताट ठेवलं आणि ते रिकामं झालं, म्हणून ताटाला भोक आहे असं आपण म्हणत नाही. पहिलं पाणी धरायचं नाही. मोजणी दुसऱ्या पाण्यापासून.

हे घरी सांगून उगाच गोंधळ वाढवायला नको.

१२ मार्च, गुरुवार

टँकरवाल्याशी बोललो. रोज सकाळी माझ्या आधी येऊन काठीवरच्या खुणेपर्यंत पाणी सोडेल. मनुष्य सज्जन आहे, कशाला म्हणून विचारलं नाही.

हा खोटेपणा आहे का, यावर देवापुढे बसून विचार केला. पाणी आहे की नाही, एवढंच पैजेत ठरलं होतं. 'एकदाच भरायचं' असं सासूबाई म्हणाल्या होत्या, पण बोलण्याच्या ओघात. देवाकडून विरुद्ध काही सूचना आली नाही.

१३ मार्च, शुक्रवार

गुडघ्याच्या वर चार बोटं. तळं धरलं.

१४ मार्च, शनिवार

आता टँकरशिवायही राहील अशी व्यवस्था हवी. चिकण माती ओली करून तुडवली की घट्ट बसते, हे गावाकडे शाळेत असताना पाहिलेलं आठवलं. भिंती लिंपणारे गवंडी तुडवत. विजार गुडघ्यापर्यंत दुमडून दोन तास तळाशी गोल गोल फिरलो. प्रत्येक पावलाला नामस्मरण. सुमारे अकराशे पावलं.

उजवी चप्पल तळात राहिली. शोधली नाही. तेवढीच भर.

घरी आल्यावर ही माझ्या पायांकडे बघून म्हणाली, तळ्यात पाणी आहे म्हणता, मग चिखल कुठून आला? मी म्हटलं, काठावरचा. ती म्हणाली, बरं. हिचं 'बरं' मला कधीच आवडत नाही.

लिंबाच्या पिशव्यांतून मुळं बाहेर आली आहेत. ही म्हणते, अजून आठवड्यात जमिनीत गेली नाहीत तर एकात एक गुंतून मरतील. मी म्हटलं, मंगळवारी निकाल आहे. कोणाला तरी देऊन टाकता येतील. ती रोपांना पाणी घालत राहिली, एकेका पिशवीला वाटीभर, आईने बाळाला पाजावं तसं.

१५ मार्च, रविवार

अकराशे पावलांचा उपयोग झाला. पाणी पूर्वी बारा तासांत जायचं, आता चौदा तास लागतात. प्रगती आहे.

माशांची पिल्लं मागवली. दोनशे. निकालाच्या दिवशी तळ्यात मासे फिरताना दिसले की बोलण्यासारखं काही उरणार नाही.

१६ मार्च, सोमवार

मासे मंगळवारी यायचे ते आज आले. हवा भरलेल्या चार फुगीर पिशव्या, प्रत्येकीत पन्नास. लगेच पाण्यात सोडा, असं सांगून माणूस निघून गेला. मी ऑफिसातून धावत माळावर गेलो. तळाशी पावलाएवढं पाणी होतं आणि ते माझ्यादेखत कमी होत होतं.

मासे बाथरूममधल्या पिंपात सोडले. एका रात्रीचाच प्रश्न आहे.

१७ मार्च, मंगळवार

लिहायचा कंटाळा आला आहे, तरी लिहितो.

सकाळची सुरुवात सासूबाईंच्या अंघोळीने झाली. त्या बाहेर येऊन म्हणाल्या, जावईबापू, मगात कोणीतरी आहे आणि ते माझ्याकडे बघतंय. मी म्हटलं, एका दिवसाची गैरसोय आहे. त्या म्हणाल्या, त्याची की माझी?

आठला आम्ही तिघं माळावर. टँकर साडेसहाला येऊन गेलेला असणार, या भरवशावर मी पुढे चालत होतो. काठावर पोचलो. आत माझ्या पावलांचे ठसे होते, नीट गोल फिरलेले, वाळून कडक झालेले. मधोमध काठी. काठीवरची खूण कोरड्या हवेत.

मी म्हटलं, पाणी आहे, पण आतल्या अंगाला आहे. सासूबाईंनी खड्ड्यात वाकून बघितलं आणि म्हणाल्या, हो, फारच आत आहे.

एवढ्यात टँकरवाला आला. चाक पंक्चर झालं होतं. खिडकीतून डोकं काढून म्हणाला, साहेब, उशीर झाला, माफ करा. रोजच्यासारखं खुणेपर्यंत सोडू ना?

ही त्याला म्हणाली, अरे, विचारतोस काय, फाटकाची किल्ली रोज माझ्याकडूनच नेतोस की.

म्हणजे गुरुवारपासून हिला माहीत होतं. किल्ली घरात खिळ्याला असते, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मला वाटलं होतं, सज्जन माणसाकडे स्वतःची काहीतरी सोय असेल.

सासूबाई तिथेच दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, म्हणा. मी म्हटलं, आज ऑफिसात ऑडिट आहे.

१८ मार्च, बुधवार

ऑडिट नव्हतं. पण असू शकलं असतं.

'माझं चुकलं' म्हणायला माझी ना नाही. पण नक्की काय चुकलं, हे आधी ठरायला हवं. माती चिकणच आहे. पट्टी अडीच इंच निघाली होती. फक्त तिच्या स्वभावात थोडा मोकळेपणा निघाला. त्यात माझा काय दोष?

निश्चय : उद्या लेखी द्यायचं.

१९ मार्च, गुरुवार

ऑफिसात बसून मसुदा केला. 'सदर जागेवर प्रस्तावित तळ्याबाबत काही अंशी अपेक्षित परिणाम दिसून आला नाही, याची नोंद घ्यावी.' सासूबाईंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. मग त्याची घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातली. म्हणाल्या, टेबल स्थिर झालं, कागद वाया गेला नाही.

मासे परत द्यायला फोन केला. घेत नाहीत. संध्याकाळी बादल्यांत भरून दोन खेपांत बागेतल्या तलावात सोडून आलो. तिथला माळी म्हणाला, बरं केलंत, यात पाणी टिकतं. तो असं का म्हणाला ते कळलं नाही. शहर लहान आहे.

२० मार्च, शुक्रवार

पहाटे देवापुढे बसलो आणि देवाला स्वच्छ शब्दांत सांगितलं, माझं चुकलं. फार हलकं वाटलं. चहा घेताना हिला म्हटलं, मी कबुली देऊन टाकली आहे. कोणापुढे? देवापुढे. ती म्हणाली, देवाला लिंबं लावायची आहेत का?

२१ मार्च, शनिवार

सहा रोपांची पानं पिवळी पडली आहेत. पिशव्यांखाली मुळांची जाळी झाली आहे. मी हिला म्हटलं, आईंचं काय एवढं मनावर घेतेस, तू लाव ना, मी अडवलंय का? ती म्हणाली, शब्द तिघांत झाला होता, मी तो मोडायची नाही. मग म्हणाली, अहो, तुम्हाला तळ्याकाठी बसायचं होतं, एवढंच ना? ते आधी सांगितलं असतं तर मी हो म्हणाले असते. तुम्ही मत्स्यव्यवसाय सांगितलात.

ही डायरी कोण वाचतं याची चौकशी करायला हवी. पण आत्ता नको.

दुपारी त्या मुलीला फोन केला. लिंबाला ही माती चालेल का, असं सहज विचारलं. ती म्हणाली, काका, लिंबाच्या मुळांना पाणी हवं असतं, पण साचलेलं नको असतं. ही जमीन पाणी देते आणि वाटेतून बाजूला होते. फळझाडांना याहून चांगली जमीन शोधून मिळणार नाही. रिपोर्टात लिहिलं होतं, दुसऱ्या पानावर.

दुसरं पान होतं. मी उलटलं नव्हतं.

२२ मार्च, रविवार. संध्याकाळ

पाठ वाकत नाही. हाताला फोड आले आहेत. तळं बुजवून झालं. चाळीसच्या चाळीस रोपं लागली, पिवळी सहासुद्धा. ही म्हणते, चार तरी जगतील. मी म्हटलं, सहाही जगतील, मला मातीतलं कळतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, चार.

हे सगळं होऊ शकलं, कारण सकाळी साडेसातला मी सासूबाईंच्या खोलीत गेलो. त्या खिडकीशी बसून मटार सोलत होत्या. ही दारात उभी होती. मी हात जोडले, मग ते फार वाटलं म्हणून सोडले. घसा साफ केला. आणि म्हटलं, माझं चुकलं. पाणी राहत नाही. जमीन झाडांची आहे.

सासूबाईंनी कानामागे हात धरला आणि म्हणाल्या, जरा मोठ्याने जावईबापू, मला आताशा ऐकू कमी येतं.

त्यांना शेजारच्या घरातला फोन वाजलेलाही ऐकू येतो. ही पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळली होती. मी पुन्हा म्हटलं, मोठ्याने.

निश्चय एकदाचा पार पडला. दोनदा.