दयाळाची पेटी, कावळ्याचा भात

१२ मार्च
दयाळ आला! उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून आणलेली पक्ष्यांच्या घरट्याची लाकडी पेटी महिनाभर पेरूवर नुसती लटकत होती. आज मादी काडी घेऊन आत शिरली. नर पत्र्यावर बसून शेपटी उडवत गात होता, काळा-पांढरा, एकदम टापटीप. मोरिवलीला कंपनीत पोचायला उशीर. होऊ दे.

१६ मार्च
आईने मागच्या भिंतीवर कावळ्यासाठी भात ठेवायला सुरुवात केलीय. पेरूपासून चार हातांवर!
बाबांच्या दहाव्याला नदीवर कावळा शिवला नाही. गुरुजींना पुढचं काम होतं. दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला, उरकलं. आई घरी होती. सुहासने दारातच तिला सगळं सांगितलं. "शिवला" म्हणाला असता तर जीभ झडली असती? माझ्या भावाला खरं बोलायचं सुचतं तेही नको तेव्हा. तेरावं झालं की पुण्याला पसार.
तेव्हापासून ही बाई नीट जेवत नाही. आता म्हणते, कावळ्याने रोज घरचं खाल्लं की ह्यांचं पोट भरेल.

२४ मार्च
एकाचे तीन कावळे झाले. भातावर तूप. काल भरली वांगी, बाबांच्या आवडीची. मला डब्याला शिळी पोळी!
म्हटलं, निदान पुढे गेटवर ठेव. तर, "पुढे? हे कधी पुढच्या दारी बसून जेवलेत का? मागच्या ओट्यावरच बसायचे."
रागाने घमेलं आपटलं, ते माझ्याच पायावर.

२ एप्रिल
पिल्लं निघाली. पेटीतून चिरचिर. मादी अळ्या आणते, पण भिंतीवर कावळे दिसले की तारेवर थांबते, अळी चोचीत तशीच. पिल्लं उपाशी आणि कावळे तुपात.
सुहासला फोन केला. "ताई, पक्ष्यांचं काय घेऊन बसलीस? आईला बरं वाटतंय ना, करू दे." फोन माझा होता म्हणून आपटला नाही.

११ एप्रिल
पेटीच्या भोकाखाली एक खुंटी आहे. दुकानदाराने कौतुकाने दाखवलेली, "बहनजी, इसके बिना चिड़िया बैठेगी कहाँ?" दयाळ तिच्यावर एकदाही बसला नाही, सरळ आत शिरतो. आज बसला तो कावळा. पिल्लू भोकाशी आलं होतं, त्याने उचललं. मी ओरडत धावेपर्यंत भिंतीवर नेऊन फाडलं. शेजारी आईचा भात. त्याला शिवलासुद्धा नाही.
करवतीने खुंटी कापून टाकली. आई खिडकीतून बघत होती. मग तोंडाला येईल ते बोलले. "तो बाबा नाहीये, कावळा आहे. पिल्लं खाणारा कावळा!"
तिने खिडकी लावून घेतली.

१२ एप्रिल
आई बोलत नाही. भातही ठेवला नाही. मला बरं वाटायला हवं होतं.
कावळ्यावर राग नाही, त्यालाही पोट आहे. सुहासवर आहे. घड्याळ बघणाऱ्या गुरुजींवर आहे. आणि बाबा, तुमच्यावर आहे. एवढं काय अडलं होतं? एक चोच मारायची होती भाताला. मी हे काहीच मानत नाही, आणि तरी

१३ एप्रिल
रविवार, म्हणून घरी होते. भात नाही तरी कावळा आला. खुंटी नाही, तर पेटीच्या छपरावरून वाकून चोच घालायला लागला. दयाळाची जोडी त्याच्या डोक्यावर झेपा घालतेय. मी चप्पल शोधतेय तोवर आई कपडे वाळत घालायची काठी घेऊन बाहेर. "हाड मेल्या, हाड!" एक बसली त्याच्या पंखाला. उडाला.
आई काठी टाकून ओट्यावर बसली. दोन दिवसांनी पहिल्यांदा बोलली. "नंदे, मी ह्यांना काठी मारली गं."
मला तिला जवळ घ्यायला जमलं नाही. पाणी आणून दिलं. प्यायली नाही.

१४ एप्रिल
आज सकाळपासून भिंतीवर एकही कावळा नाही. पेटीत दोन पिल्लं आहेत, दोन-चार दिवसांत उडतील.
आईने ताटली वाढली. वरण-भात, तूप, लिंबाची फोड. माझ्या हातात दिली. "तू ठेव. माझ्या हातचं आता नाही घ्यायचे. तुझ्यावर कधी रागावले नाहीत ते."
म्हटलं, पिल्लं उडेपर्यंत थांब ना गं.
"मी थांबेन. ते थांबतील का?"
कालपासून तिच्या पोटात काही नाही. ताटलीतलं कुणी खाल्लं तरच जेवणार म्हणते.
ताटली मी ओट्यावर टेकवलीय, भिंतीवर अजून ठेवली नाही. मादी आत्ताच अळी घेऊन आत गेली. आई दारात उभी राहून माझ्याकडे बघतेय आणि मी लिहीत बसलेय.