शेठनी साळूला खुर्ची दिली

साळू,

"थोरली शिकंल, धाकटी मेंढरं राखंल," असं आबा म्हणाले, तेव्हा तू रडली होतीस आणि मला तुझी कीव आली होती.

आता तुझा हेवा वाटतो. काल तू जुन्नरला आमच्या साड्यांच्या दुकानात आलीस, तर शेठनी तुला खुर्ची दिली, चहा मागवला.

"साळूबाई, यंदा आमच्या रानात मेंढरं बसवा की! लेंडीखताबिगर कांदा पोसत न्हाई."

"बघू. अवसरीवाल्यांनी आधी बोलावलंय," तू म्हणालीस.

शेठ ओशाळून हसले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "हिरा, बहिणीला साड्या दाखव."

मी साड्या उलगडल्या. तू गेल्यावर पुन्हा घड्या घातल्या. तुटपुंज्या पगारावर इतकी वर्षं हेच करतेय, पण शेठना असं "बघू" म्हणायची माझी कधी छाती झाली नाही.

हे पत्र पाठवणार नाही. ते तुला दिशा वाचून दाखवील, आणि भाचीपुढं माझा हेवा उघडा पडेल. पण फोनवर विचारीन म्हणते. नोकरी सोडते, दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतराल तेव्हा मलाही न्या. तू हसशील, "आक्का, तुला न्हाई झेपायचं," म्हणशील.

तरी ने गं.

तुझी,
हिराआक्का