खालचा ठेका तू धर

प्रिय नागिसा,

पत्र उघडलंस म्हणजे अर्धी लढाई जिंकले. फोन तू उचलत नाहीस आणि मेसेजला नुसता अंगठा पाठवतेस. त्या अंगठ्याचं मी काय करू, लोणचं घालू? इथे बेटावर वारा सुटलाय. विमान आजही उतरलं नाही, बोटीचाही भरवसा नाही. जायचे ते पाहुणे आमच्याकडे अडकलेत, आणि अडकलेल्या माणसाला भूक जरा जास्तच लागते. सकाळपासून आशिताबाच्या पानांची भजी तळतेय. कुसायाचा वासट सुका मासा भाजायला घेतला तर एकजण नाक धरून विचारतो, घरात काही मेलंय का? म्हटलं, अजून नाही, पण माझी वेळ जवळ आलीय.

हा सगळा तुझ्या भावोजींचा उद्योग. तात्सुओनं फाटकावर पाटी लावलीय, ‘सकाळी तलवार, दुपारी ढोल’. बाबांच्या तालमीत मुलं उरली नाहीत, शाळेतच पोरं नाहीत तर तालमीत कुठून येणार! म्हणून आता जगभरचे प्रवासी येतात, बांबूची तलवार हातात घेऊन आधी फोटो काढतात आणि मग विचारतात, नमस्कार कितीदा करायचा. बाबा त्यांच्यावर खेकसतात, तात्सुओ त्याचं गोड भाषांतर करतो. बाबा म्हणतात, “बैलासारखा उभा राहू नकोस.” हा सांगतो, “मास्तर म्हणताहेत, पवित्रा फार भक्कम आहे.” तो पाहुणा बिचारा लवून आभार मानतो.

दुपारी माझी पाळी. रोज घसा फोडून सांगते, की बाबांनो, ढोल एक, तोंडं दोन. इकडच्याने खालचा ठेका धरायचा, न हलता, न चुकता. तिकडच्याने त्यावर वरचा वाजवायचा, त्याच्या मनाला येईल तसा. माना डोलावतात, आणि सगळे वरच्या बाजूला रांग लावतात! आजवर एकही माई का लाल म्हणाला नाही की मला खालचा शिकवा. मग खाली कोण? मी. अगं, मला वीट आलाय.

लहानपणीही तेच होतं. तू वर, मी खाली. तुझी टिपरं नुसती पळायची. सणाला लोक म्हणायचे, मास्तरांची धाकटी काय वाजवते! थोरलीचं तोंड ढोलाच्या आड असायचं, ते कुणाला दिसायचं नाही. तेव्हा मला त्याचं काही वाटत नव्हतं, खरंच सांगते. तू हसलीस की पलीकडून तुझा हात हलका व्हायचा आणि मला न बघता कळायचं.

मग तो तलवारीचा सामना झाला. तू म्हणशील, ताई, पुन्हा तेच नको. तेच! तुझा वार समोरच्या मुलीच्या मुखवट्यावर असा बसला की आवाज अख्ख्या व्यायामशाळेत घुमला. तिन्ही पंचांचे झेंडे वर. आणि तू आनंदानं उडी मारलीस. आपल्या बापानं, मुख्य पंच म्हणून, दोघा पंचांना मध्ये बोलावलं, कुजबुजला, आणि झेंडा फिरवून स्वतःच्या लेकीचा गुण काढून घेतला. जिंकल्यावर नाचायचं नाही, नियम आहे, मान्य. पण घरी येऊन तरी पोरीच्या पाठीवरून हात फिरवावा की नाही? छे. जेवताना म्हणाले, सूप गार झालंय. आणि तू त्या वसंतात बोटीत बसलीस ती गेलीसच. आई गेली त्या वेळी आलीस तीही हॉटेलात उतरलीस. बापाचं घर असताना! दोघं एका माळेचे मणी. मधल्या मध्ये माझं मात्र भरीत होतं.

आता ऐक, मला राग कसला आलाय ते. गेल्या आठवड्यात चिलीहून एक दातांची डॉक्टर आली, इग्नासिया. चार दिवस घाम गाळला आणि शेवटच्या दिवशी तात्सुओच्या डोक्यावर वार केला, अगदी मधोमध. झाली की नाचायला सुरुवात! किंचाळली, उड्या मारल्या, आणि धावत जाऊन बाबांना मिठी मारली. बाबांना! खांब उभा असावा तसे उभे राहिले. मला वाटलं, आता हिला समुद्रात फेकतात. तर काय केलं असेल? झेंडा वर केला. गुण दिला. वर हसले, नागिसा. दात दिसले.

मी स्वयंपाकघरात भांडी आपटायला लागले. जेवताना बाबा आपणहून म्हणाले, “पोरीचा वार चोख होता.” मी म्हटलं, हो, फार कौतुक त्या चिलीच्या बाईचं. तर म्हणाले, “ती नव्हे. आपली.” मग मात्र माझा तोल गेला. “मग तिला सांगा ना! मला काय सांगताय?” तर म्हणाले, “तेव्हा मी पंच होतो,” आणि भाताचा वाडगा पुढे केला. मी वाढला नाही. जन्मात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी बाबांनी जाहीर केलं, नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी तालीम कायमची बंद. गुडघे वाकत नाहीत म्हणे. आणि त्या दिवशी ढोल वाजला पाहिजे, “दोघींनी.” जसं काही तू मागच्या गल्लीत राहतेस! मी म्हटलं, फोन करा. तर म्हणाले, “तूच लिही. माझं नाव घालू नकोस.” घातलं. मोठ्या अक्षरांत घालायला हवं होतं.

पण त्यांच्यासाठी मी पत्र लिहीत नाहीये, गैरसमज नको. माझ्यासाठी लिहितेय. इतकी वर्षं मी खालचा धरला, तुझ्यासाठी, मग पाहुण्यांसाठी, आणि घरातही. वरचा मला येतो, कुणाला माहीत नाही. सगळे जेवून गेले की भाजी चिरायच्या फळीवर वाजवते. त्या रविवारी एकदा, ऐन ढोलावर, मला वरचा वाजवायचाय, आणि पाठीशी मला परकं कुणी नको, तू हवीस. तू ये, मुकाट्यानं खालचा ठेका धर, आणि मी चुकले तरी थांबू नकोस. विमानाच्या नादी लागू नकोस, दोन दिवस आधी बोटीनं ये, आणि हॉटेलात उतरलीस तर तंगडी मोडीन. वाजवून झाल्यावर मी सगळ्यांसमोर, बाबांच्या नाकासमोर, आनंदानं उडी मारणार आहे. तूही मार. बघू, कोण झेंडा फिरवतं ते.

तुझीच, ढोलाच्या पलीकडची,
चिझुरूताई