एक युनिट, एक वाटी हुमण

मी, बाबली शांताराम गावस, वय एकाहत्तर, निवृत्त लाईनमन, राहणार इब्रामपूर, तालुका पेडणे, डोके ठिकाणावर असताना आणि कुणीही हात न पिरगाळता हे लिहून ठेवतो.

१. घराचा अर्धा हिस्सा गोव्याच्या कायद्यानेच मुलगा सागर याचा आहे. उरलेला अर्धाही त्यालाच, पण एका अटीवर. अट पाचव्या कलमात आहे.

२. पक्कड, टेस्टर आणि शिडी नात सिद्धी हिला. सागरने त्यांना हात लावू नये. एकदा लावला होता, तर वाड्यावरची सगळी घरे काळोखात बसली.

३. वादळात गावची लाईन अकरा दिवस पडली, तेव्हा फक्त माझ्या छपरावरच्या सोलर प्लेटा चालू होत्या. तेव्हापासून आमच्या वाड्यावर युनिट हेच चलन झाले. एका युनिटाला दोन नारळ किंवा दोन दाढ्या. केस कापणाऱ्या महादेवकडे माझी साडेतीन युनिटे, म्हणजे सात दाढ्या शिल्लक आहेत. एक मला शेवटची करावी, सहा सागरला.

४. शेजारच्या पद्मावतीवहिनी, माझ्या कैलासवासी थोरल्या भावाच्या पत्नी, नऊ वर्षे माझ्याशी बोलत नाहीत. तारेला लागते म्हणून मी त्यांच्या फणसाची फांदी छाटली होती. काम खात्याचे, शिव्या मला. तरी वादळात त्यांच्या खिडकीतून वायर आत सोडली. त्या मला नव्हे, कोंबड्यांना म्हणाल्या, "फुकटचो उजवाड माका नाका." संध्याकाळी आमच्या मधल्या दगडी गडग्यावर माशाच्या हुमणाची वाटी आली, आत बांगड्याचा एक तुकडा. दर ठरला.

५. आता कबुली. दोन वर्षांपूर्वी त्याच झाडाचा फणस पडून प्लेटा फुटल्या. तेव्हापासून वहिनींच्या वायरीत सरकारी वीज आहे, बिल माझ्या पेन्शनीतून. (खात्याने हे कलम वाचू नये.) त्यांना कळले तर त्या वायर उपटतील आणि वाटी बंद होईल. माझी रुक्मिणी गेल्यापासून दिवसभर मी त्या एका वाटीची वाट पाहतो. हल्ली तुकडे दोन असतात. मासळी स्वस्त झाली असावी. तर अट अशी: माझ्या मागे वायर कापू नये, वहिनींना काही सांगू नये, आणि वाटी सागरने पुसून खावी.

६. साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो. प्रथमेश पोस्टमन सही करून, कागद दुमडून वहिनींच्या सहीसाठी गडग्यापलीकडे नेईल.

इब्रामपूर, १२ नोव्हेंबर २०२५
सही: बाबली शां. गावस

साक्षीदार १: प्रथमेश नाईक

साक्षीदार २: पद्मावती गावस. कागद उघडून वाचलंय. फणस माझ्या झाडाचो. पडलो तेव्हा आवाज माका आयकाक येवक नाय? दुसरो तुकडो त्या नुकसानीचोच. आज वाटी गडग्यार ठेवूचंय नाय. भावोजी, जेवूक घरात येवा.