मामंजींची गाडी आणि सात नंबर

१ एप्रिल २०२५, मंगळवार. बुद्धवंदना झाल्यावर.
हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी आहेत. इतिहास इथेच लिहिते. नवी वही कशाला?
सोसायटीची नोटीस आली. पार्किंगमधली बंद गाडी पंधरा तारखेपर्यंत हलवा. बंद गाडी म्हणजे मामंजींची एमजी. विलायती, दोन सीटची, १९५२ची. मामंजी मुंबईत मेकॅनिक होते. त्यांचे इंग्रज साहेब देश सोडून गेले तेव्हा गाडी त्यांना देऊन गेले. मामंजी शेवटपर्यंत सांगायचे, माझी गाडी पहिली आली होती. कुठे, ते मी विचारलं नाही. नवी सून होते.
सेक्रेटरी नंदकुमारना सांगितलं, ही रेसची गाडी आहे. ते म्हणाले, वहिनी, सिद्ध करा, गेटजवळ काचेत ठेवू. नाहीतर कळंबोलीचा भंगारबाजार. तेराला मीटिंग आहे.
सिद्ध करणार. मॅट्रिकला इतिहासात बासष्ट होते मला. ह्यांना विचारणार नाही. ह्यांना गाड्यांतलं कळत नाही.

३ एप्रिल, गुरुवार.
ताडपत्री काढली. सीट उंदरांनी खाल्ली आहे. दार ओल्या फडक्याने पुसलं तर खाली पांढरा ७! रेसचा नंबर.
संघप्रिया म्हणाली, आई, पार्किंगचा नंबर असेल. पोरीला बी.कॉम. करून उपयोग नाही. आपलं पार्किंग बावीस आहे.

५ एप्रिल, शनिवार.
माळ्यावर पितळी कप सापडला. काळाठिक्कर. 'स्पर्धा' आणि 'प्रथम क्रमांक' एवढंच दिसतं. आणखी काय पाहिजे?
संघप्रिया म्हणाली, घास ना. मी नाही म्हटलं. मोबाइलवर बघितलंय मी, जुन्या वस्तूचा काळेपणा काढायचा नसतो. शिवाय भांड्यांची पावडर संपत आली आहे.
ह्यांनी कप हातात घेतला, हसले, म्हणाले, अगं, हा तर... मी काढून घेतला. ठसे उमटतात.

७ एप्रिल, सोमवार.
मामंजींच्या पेटीत फोटो मिळाला. गाडीवर हार, दोन्ही बाजूंना गर्दी, झेंडे. म्हणजे जिंकल्यावरचा. चालवणाऱ्याचं तोंड हारांत बुडालंय, पण मामंजीच. बसण्याची ऐट तीच.
संघप्रियाने विचारलं, रेसच्या गाडीच्या पुढे बायका चालतात का गं? मी म्हटलं, तेव्हा नियम सैल असतील.
भाषणात लिहिलं, 'ही गाडी बहुधा जुहूच्या धावपट्टीवर पहिली आली.' बहुधा शब्द मुद्दाम घातला. खोटं बोलायचं नाही हे चौथं शील. बहुधामुळे मोडत नाही.

९ एप्रिल, बुधवार.
नंदकुमारनी कळंबोलीहून मकबूलभाई पाठवले. जुन्या गाड्या घेतात. बॉनेट उघडून आत डोकं घालून उभे राहिले. मला वाटलं, भारावले. म्हणाले, भाभी, अंदर चिडिया का घर है.
मग मागच्या पत्र्यावरचे पोचे दाखवले. हाताचे आहेत म्हणे. ये गाडी भागी कम, धक्के ज्यादा खाये. मी टिपून घेतलं. रेस सुरू करताना गाडी ढकलतात, टीव्हीवर पाहिलंय. आणखी एक पुरावा.
चहा दिला. पुरावा मोठा म्हणून सोबत खारीही दिली.

१२ एप्रिल, शनिवार. पौर्णिमा.
उपोसथाचा उपवास. मौनही धरलं. हे नेमके आजच शेजारी येऊन बसले. म्हणाले, उद्याच्या भाषणाआधी ऐकून घे. मी ओठांवर बोट ठेवलं. मौन माझं, पण घरात बडबड कशाला? गप्प बसले बिचारे.
भाषण सात पानी झालं आहे. सगळ्या मजल्यांवर आमंत्रण गेलं. लिफ्टमध्येही चिकटवलं.

१३ एप्रिल, रविवार. दुपारी २.
आमटीची चिंच कोळली. चोथा टाकवेना. पितळेला चिंच चांगली, म्हटलं नुसती कडा पुसू. हात थांबेना, बायकांच्या हाताला सवय असते. अक्षरं वर आली.
'भीम जयंती उत्सव, तुर्भे, १९८४. चित्ररथ स्पर्धा. सजावट. प्रथम क्रमांक.'
सात म्हणजे मिरवणुकीतला सातवा चित्ररथ.
ह्यांना विचारलं. म्हणाले, फोटोत मीच बसलोय की. वजन कमी म्हणून मला बसवलं. इंजिन तेव्हाही बंद होतं, वस्तीतल्या पोरांनी तुर्भे स्टोअरच्या नाक्यापर्यंत ढकलली. बाबा रात्री कप उशाशी घेऊन झोपले. एवढे दिवस का नाही बोललात, विचारलं तर म्हणाले, तू कुठे बोलू दिलंस?

१३ एप्रिल. रात्री ९.
हॉल भरला होता. उभी राहिले. 'बहुधा'पर्यंत आले आणि जीभ उचलेना. उद्या जयंती, समोर बाबासाहेबांचा फोटो. खरं तेच सांगितलं. सात पानी भाषण एका मिनिटात आटोपलं.
नंदकुमार म्हणाले, वहिनी, सजावटीला काच नाही देता येत. मागून कोणीतरी टाळी वाजवली. हेच होते.

१५ एप्रिल, मंगळवार.
मकबूलभाई टोइंगची गाडी घेऊन आले. तोडणार नाहीत म्हणाले. शादी में दूल्हे के लिए चलाऊंगा, भाभी. म्हणजे वरातीत. म्हणजे पुन्हा बॅन्डच्या मागून, पावलापावलाने. मामंजींना चाललं असतं.
दोरखंड लावला, गेटबाहेर पडली, वळणावर दिसेनाशी झाली. हे डोळे पुसत होते. धूळ गेली म्हणाले. सकाळीच रस्ता धुतला होता.
संध्याकाळी मकबूलभाईंना फोन केला. गाडी पोचली का? पोचली. किती स्पीडने नेलीत? म्हणाले, हायवेवर पैंतालीस. म्हणजे आमच्या घरी आल्यापासूनचा तिचा सगळ्यात मोठा वेग. इतिहासात खरं ते एवढंच.
कप शोकेसमध्ये ठेवला. 'प्रथम क्रमांक' पाहुण्यांकडे, 'सजावट' भिंतीकडे. चौथं शील मोडत नाही. कोणी विचारलं तर वळवून दाखवीन. ह्यांना सांगून ठेवलंय, तुम्ही मध्ये बोलायचं नाही.