चौकातून ऐकू येणारी गाडी

बाबा, रविवारी आम्ही जुनी गाडी बघायला गेलो होतो. मी, आई आणि माझी मुलगी. तिला तुम्ही पाहिलेलं नाही, तुम्ही गेल्यावर तीन वर्षांनी झाली ती. तुमच्याकडे होती तशीच मधल्या आकाराची, मागे डिकी असलेली गाडी घ्यायची होती. एकाच मॉडेलच्या दोन शेजारी शेजारी उभ्या होत्या, एक पेट्रोल, एक डिझेल. दलाल म्हणाला, "साहेब, पेट्रोल गुपचूप चालते, मेंटेनन्स कमी. डिझेलले दम आहे, हायवेवर विचारूच नका. पण टर्बोचं काम निघालं तर मग बसा बोंबलत." त्यानं पेट्रोलचं इंजिन सुरू केलं. मागे बसलेली आई म्हणाली, "सुरू झाली का गा?" मी हो म्हणालो. तिनं दाराचं हँडल घट्ट धरून ठेवलं.

तुम्ही गाडी घेतली तेव्हाही हाच घोळ होता. आठवडाभर तुम्ही कागदावर पेट्रोल आणि डिझेल मांडत होतात. तुमचं मन पेट्रोलवर होतं, कारण तुमच्या साहेबाकडे पेट्रोल होती. आईनं त्या घरात साध्या पडद्याचा रंगसुद्धा कधी ठरवला नव्हता. ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "डिझेलच घ्या." तुम्ही म्हणालात, "तुले काय समजते वं इंजिनातलं?" ती म्हणाली, "अ‍ॅव्हरेज देते म्हणतात. रोज कन्हानले जाणं-येणं आहे तुमचं." तुम्ही खूश झालात. बायकोला अक्कल आहे, असं चार लोकांत सांगितलंत. तिच्याबद्दल तुम्ही चांगलं बोललेलं मला तेवढं एकच आठवतं.

कन्हानच्या खाणीवरून तुम्ही संध्याकाळी परत यायचात आणि प्रताप नगरच्या चौकात तिसऱ्यावरून दुसरा गिअर टाकायचात. ती खडखड आमच्या स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू यायची. तिथून घरापर्यंत दोन मिनिटं. तेवढ्यात टीव्ही बंद व्हायचा, पतंगाची चक्री पलंगाखाली जायची, पाण्याचा पेला टेबलावर यायचा, शेजारची काकू मागच्या दारानं निघून जायची. तुम्ही आत यायचात तेव्हा घर परीक्षेच्या वर्गासारखं गप्प असायचं. कन्हानच्या रस्त्यावर एकदा तुम्ही मला मांडीवर बसवून स्टिअरिंग हातात दिलं होतं. "मीटर पाहू नको गा, गाडी कानानं चालवायची असते," म्हणाला होतात. मला तो दिवस अजून आवडतो, याचाच राग येतो. आम्ही सगळेच कानानं जगत होतो, बाबा.

एकदा गाडी गॅरेजमध्ये होती आणि तुम्ही साहेबाच्या पेट्रोलमधून आलात. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. आई कुंपणाशी काकूबरोबर हसत होती आणि दूध उतू जात होतं. तुम्ही तिला वेणीला धरून आत आणलंत. ओट्यावरची सांडशी उचललीत आणि तिच्या मनगटावर घातलीत, एकदा, दोनदा, मग मोजायचं मी सोडलं. हाड मोडल्याचा आवाज सुकी काटकी मोडावी तसा होता. मी तुमचा पाय धरला, तर खिळ्यावर टांगलेला गाडीचा जुना फॅनबेल्ट तुम्ही काढलात. माझ्या पाठीवर तो वळ अजून आहे. रामदासपेठेतल्या डॉक्टरला आई म्हणाली, "न्हाणीत पाय घसरला." तुम्ही बाजूला उभे राहून मान हलवत होतात. त्या रात्री उशीखाली हातोडी घेऊन झोपलो होतो मी. तुमचं डोकं कुठं फोडायचं हेही ठरवलं होतं.

तुमच्या तेराव्याला, पाहुणे गेल्यावर, आई भांडी पुसत म्हणाली, "मले अ‍ॅव्हरेजचं काय कळते? पेट्रोल ऐकूच नाही येत. तुमी पोरं सापडून जाल म्हणून म्हटलं होतं डिझेल." तेवढंच बोलली आणि पुढचं भांडं उचललं.

खाण तशी माती, बाबा. तुमच्यासारखा होणार नाही अशी शपथ मी घेतली होती आणि बरीच वर्षं पाळलीही. या मे महिन्यात मुलीनं मार्कांचा कागद लपवला. मी तिच्या कानाखाली वाजवली. चष्मा फुटला, भुवईवर तीन टाके पडले. खरं सांगायचं तर दुसऱ्यांदाही हात उचलला होता मी, आई मध्ये आली म्हणून थांबलो, तिचं तेच वाकडं मनगट माझ्या तोंडासमोर आलं. दवाखान्यात माझी बायको म्हणाली, "दाराचा कोपरा लागला." तिला हे कुणी शिकवलं नव्हतं.

तर रविवारी दलालानं दोन्ही इंजिनं ऐकवली आणि मी मुलीला सहज विचारलं, "तुले कोणती आवडली?" ती गाडीकडे न पाहता म्हणाली, "डिझेलच घ्या, बाबा."

"काहून?"

"अ‍ॅव्हरेज देते."

आमच्या घरातून माझं ऑफिस पंधरा मिनिटांवर आहे. आईनं मान फिरवली. आजीनं नातीला काय काय सांगितलं असेल ते मी विचारलं नाही. सांगायची गरज पडली असेल असंही वाटत नाही.

मी पेट्रोल घेतली. हट्टानंच. वाटलं, आपली चाहूल कुणाला लागायची गरजच पडू नये असा माणूस होऊन दाखवू. पहिल्याच संध्याकाळी अगदी हळू येऊन दारात उभा राहिलो. आत आजी-नात कशावर तरी मोठ्यानं हसत होत्या. मला पाहिलं आणि हसणं थांबलं. मुलीच्या हातातली वाटी पडली आणि ती उचलायच्या आधी तिनं डोकं हातांनी झाकलं.

हे पत्र कुठं पाठवणार, गाडीच्या कप्प्यात ठेवून देतो. तुम्हाला एवढंच कबूल करतो, की आता चौकात आलो की मी दोनदा हॉर्न वाजवतो आणि घरी पोचायला दोन मिनिटं लावतो.