दादा, तुझंच ऐकलं

प्रिय दादास नमस्कार,

तुझं चिडलेलं पत्र परवा पोचलं. मी खुशाल आहे, हे आधी वहिनीला सांग.

लॉन्ड्रीतलं काम अंगवळणी पडलं. दिवसाला तीनशे चादरींच्या घड्या घालते. आईच्या चादरी धुण्यात अकरा वर्षं गेलीच होती, पण इथल्या चादरी मला शिव्या देत नाहीत. झोप छान लागते. कामावरून आले की खोलीतल्या खुर्चीवर नुसती बसून राहते.

दर रविवारी तू फोनवर सांगायचास, "अगं, एवढा ताण घेऊ नकोस. जरा स्वतःसाठी जग. माणसाने बदलायला हवं." तुझंच ऐकलं रे. आईला तुझ्या दारात आणून सोडलं आणि बदलले.

तिची पाठ पुसतोस ना? पावडर लावायच्या आधी नीट कोरडी कर, नाहीतर कातडी सोलवटते. जेवण कोमट करून भरव. गरम असलं तर ती तोंडावर थुंकते. कोमट असलं तरी थुंकते, पण आपल्याला भाजत नाही.

परत कधी येतेस, असं विचारलंस. दादा, एवढा ताण घेऊ नकोस.

आई तुला ओळखत नाही, दिवसभर माझ्याच नावाने हाका मारते, हे तुला फार लागलेलं दिसतं. मी तिथे होते तेव्हा ती तुझ्या नावाने हाका मारायची. अकरा वर्षं तुझ्या नावाला मी ओ दिली. आता माझ्या नावाला तू देत जा.

तुझी,
आता सुखात असलेली बहीण